रोजचे नऊशे ग्रॅम

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या घरी ढब्बू नावाचा गिनिपिग आहे. रोज सकाळी त्याचं वजन करून ते वहीत लिहायचं, एवढंच तुमचं काम.

एका घरी खरंच असा ढब्बू होता आणि तिथल्या धाकट्या मुलीचं हेच काम होतं. पण ढब्बू काट्यावर क्षणभरही स्थिर बसत नसे, म्हणून महिनाभर तिने न मोजताच रोज ‘नऊशे ग्रॅम’ लिहिलं. मग एके दिवशी ढब्बूने गवताला तोंडच लावलं नाही. बाबा धाकटीला आणि ढब्बूला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या काट्यावर ढब्बू सातशे वीस भरला. डॉक्टरीणबाई वही बघून दचकल्या.

“काल नऊशे होता ना? एका दिवसात एवढा उतरला? रक्त काढून तपासावं लागेल.”

“वही चुकायची नाही हं,” बाबा म्हणाले. “आमची कारकूनबाई भारी काटेकोर आहे.”

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुई ढब्बूच्या पायाजवळ आली.

“थांबा! मी खोटं लिहिलंय. महिनाभर मोजलंच नाही.”

बाबांनी वही मिटून बाजूला ठेवली.

“म्हणजे हळूहळू उतरला असणार,” बाई म्हणाल्या. “गिनिपिगच्या दाढा वाढतच राहतात, आधी त्या बघू.”

दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. बाईंनी भूल देऊन त्या घासल्या. आता आठवडाभर सिरिंजने पातळ खाणं भरवायचं होतं.

घरी बाबांनी सिरिंज स्वतःच भरून घेतली. धाकटी मान खाली घालून जवळ गेली.

“बाबा, मी भरवू? तुम्ही इथेच बसून बघा.”

बाबांनी सिरिंज तिच्या हाती दिली आणि ते सरकून बसले. तिने ढब्बूला मांडीवर घेतलं आणि थेंबथेंब भरवायला लागली.