सासऱ्यांच्या देखरेखीखाली

खट्.

धाकट्याचा आत्ता कुठे डोळा लागला होता. घर इतकं गप्प होतं की फ्रिजनेसुद्धा दम धरला होता, आणि त्यात हे खट्. मग पुन्हा खट्. स्वयंपाकघराच्या टेबलाशी माझे सासरे, नेस्टर पावल्युक, पिस्तुलाच्या पेटीचं कुलूप लावत होते, उघडत होते, परत लावत होते.

“बाबा, लागलंय ते.”

“लागलंय हे मला कळायला हवं, पोरी. तुला कळून उपयोग नाही. पिस्तूल माझ्या नावावर आहे.”

माझा नवरा रोमन भांडी पुसत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायची, आणि दुपारी त्यांनी तुझ्यावर देखरेख करायची. सरकारने काय माणूस निवडलाय!”

“हळू बोल.”

“मी तर म्हणतो, ते पिस्तूल पोलिसांना देऊन मोकळं व्हावं. नव्या कायद्याने ते माझ्या नावावर होणार नाहीच.”

“मग रविवारी दुपारी ते काय करतील?”

यावर रोमनने एक कोरडी बशी पुन्हा पुसायला घेतली.

नियम असा होता: माझ्याकडे परवाना नाही. ते पिस्तूल मी घरात हातात घेतलं तर गुन्हा, एकटीने ट्रकमधून नेलं तरी गुन्हा. पण नेमबाजी क्लबाच्या मैदानावर, सासरे माझ्या बाजूला हाताच्या अंतरावर उभे असतील आणि त्यांचं लक्ष माझ्यावर असेल, तर मी खुशाल नेम धरावा. “मी शिंकायला वळलो,” बाबा सांगायचे, “तरी पिस्तूल खाली ठेवायचं. माझी पाठ फिरली की तू गुन्हेगार.” हे सांगताना ते इतके खूश दिसायचे की मला कायद्याचं कौतुक वाटायचं.

कारण घरात आता त्यांचं काही चालत नव्हतं. ट्रकच्या किल्ल्या रोमनने काढून घेतल्या होत्या. शेगडी मी. परवा चर्चच्या बायकांकडून आणलेल्या पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळायला त्यांनी पातेलं ठेवलं आणि पाणी घालायचं राहिलं, तेव्हापासून त्यांना पातेल्यालाही हात लावू देत नव्हतो. हात कापत असल्यामुळे त्यांना स्वतःला नेम धरता येत नव्हता. पण “न वाजवलेलं अकॉर्डियन आणि न चालवलेलं पिस्तूल, दोन्ही रुसतात,” असं म्हणून त्यांनी मला नेमबाजी शिकवायला घेतली. त्या मैदानावर ते असल्याशिवाय माझं पान हलत नसे. कॅनडातल्या या उभ्या सास्काचवान प्रांतात त्यांच्यावाचून अडेल अशी तेवढी एकच जागा उरली होती.

काडतुसं मात्र आम्ही घरी ठेवत नव्हतो. ती क्लबातच मिळत. एवढी अक्कल आम्हाला होती.

धाकट्याला रोमनपाशी ठेवून आम्ही नेहमीसारखे रविवारचे क्लबाकडे निघालो. मी ट्रक चालवत होते, बाबा शेजारी, मागे माझी पाच वर्षांची नाद्या. रस्त्यात पिठाची पिशवी घ्यावी म्हणून मी वळणार, तर बाबा कडाडले, “सरळ! पेटी गाडीत असताना सरळ जायचं आणि सरळ यायचं. पीठबीठ काही नाही.”

“गीदो, आइस्क्रीम पण नाही?” नाद्याने विचारलं. आजोबांना आमच्याकडे गीदोच म्हणतात.

“राणी स्वतः आली वाटेत, तरी नाही.”

क्लब कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या, हॉलला लागून आहे. नाद्याला काचेपलीकडच्या खोलीत कोकोचा पेला देऊन बसवलं. मैदान सांभाळणारी डोरीन माझा कोट घ्यायच्या निमित्ताने जवळ आली.

“गेल्या रविवारी नेस्टरने मला हेलनसाठी खुर्ची धरून ठेवायला सांगितलं,” ती म्हणाली.

हेलन म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना चर्चमागे पुरलं, त्याला काही हिवाळे झाले.

“घरी होतं कधीकधी तसं,” मी म्हणाले. “मैदानावर ते चुकत नाहीत, डोरीन. तुम्हीच बघता.”

“बघते ना. म्हणून तर अजून काही बोलले नाही. पण एकदा जरी चुकला, तर मला थांबवावं लागेल, शेल्बी. मग माझ्याकडे असं बघू नकोस.”

मी बघितलं नाही.

जिच्यापुढे कोणी जायचं नाही त्या पिवळ्या रेघेशी उभी राहिले. माझ्या डाव्या खांद्यामागे बाबा. “पाय फाकव. बोट बाहेर, बाहेर म्हटलं ना! तुझ्या आईने तुला घाई करायला शिकवली, मी नाही. आता श्वास. अर्धा सोड.” त्यांचा आवाज तिथे कापत नसे. कापणारा हात मागे पाठीशी धरलेला असे. मी गोळी सोडली. मग आणखी. एक बहुतेक मध्याला लागली असावी, कारण मागून “अरे वा!” ऐकू आलं.

आणि दुसऱ्या क्षणी माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला त्यांची चौकड्यांची टोपी दिसली. टोपी माझ्या पुढे होती.

पूर्वी, भर उमेदीत असताना, फैरी संपल्या की ते असेच पुढे चालत जाऊन स्वतःचं लक्ष्य काढून आणत. तसेच निघाले होते, शांतपणे. रेघ ओलांडून.

मी पिस्तूल समोरच्या फळीवर टाकलं आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. डोरीनची शिट्टी, लाल दिवा, “सगळे मागे! सगळे मागे व्हा!” बाकीचे भराभर मागे सरले, मीही. बाबा अर्ध्या वाटेवर थबकले, वळून बघायला लागले, आणि लोक का ओरडताहेत याची चौकशी करायला परत आले.

फळीपाशी येताच त्यांची नजर पिस्तुलावर पडली.

“हे काय?” त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढलं, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढली. आतलं काडतूस टुण्णकन उडून जमिनीवर पडलं. कापत्या हातांनी केलं, पण एकही पायरी न चुकवता. “भरलेलं? भरलेलं पिस्तूल फळीवर टाकून ही पोरगी मागे पळाली! शेल्बी, अगं कोणाचा जीव गेला असता!”

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

डोरीन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. “नेस्टर,” ती म्हणाली, “आज जे झालं त्यानंतर मला तुला सांगावंच लागणार आहे की…”

“मला काय सांगतेस, मला दिसतंय ना! मी तिच्यावर देखरेख करतोय, तेव्हा जबाबदारी माझी. पण नियम तो नियम. माझी सून आहे म्हणून सोडू नकोस.”

डोरीनने माझ्याकडे बघितलं. मी खाली पडलेलं काडतूस बघत होते.

“चुकलं माझं, बाबा,” मी म्हणाले.

डोरीन त्यांच्याकडे वळली. “हिला आता रेघेवर उभं राहता येणार नाही, नेस्टर.”

“किती दिवस?”

“ते… बघू आपण.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. मग टोपी सारखी करत, “ती येणार नसेल तर मी तरी इथे येऊन काय करू? हिला सुधारल्याशिवाय आणणार नाही मी.” त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री केली, कुलूप लावलं, पेटी बंद केली. आता ती पेटी इथे परत यायची नव्हती. उद्या रोमन पोलिसांना फोन करील, ते घरी येऊन घेऊन जातील. हे मला माहीत होतं, डोरीनला माहीत होतं. तिने बाबांना दार उघडून धरलं आणि माझ्या कोटाची कॉलर उगाच नीट केली.

ट्रकमध्ये बसल्यावर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“रडू नकोस, पोरी. होतं असं. मीही एकदा चुकलो होतो, माझ्या बापाने आठवडाभर तोंड बघितलं नव्हतं. मी नाही तसं करणार. डोरीनशी बोलतो मी. माझा शब्द मानते ती.”

“हो बाबा.”

“आणि रोमनला काही सांगू नकोस. चिडवत बसेल तुला.”

“नाही सांगत.”

मी ट्रक सुरू केला. मागे नाद्या बसली होती. काचेपलीकडून तिने सगळं बघितलं होतं, आणि एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की ती सोडत नाही. तिने पट्टा ताणून पुढे मान काढली.

“आई, पण पुढे तर गीदो गेले होते ना?”