एक तरी तक्रार

पालकांची बैठक वर्षातून किती वेळा घ्यावी, यावरून त्या शनिवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत चांगलीच जुंपली होती. चित्रकलेच्या सरांचं म्हणणं होतं की दोनदा घेतली तरी पुष्कळ झाली. "दर महिन्याला सांगायचं काय हो त्यांना? पोरगं महिन्याभरात वाढून वाढून वाढणार किती?" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले.

दुसरीच्या बाई हसल्या नाहीत. महिन्याच्या बैठकीची कल्पना मुळात त्यांची, आणि आपल्या कल्पनेवर त्या माशी बसू देत नसत. त्यांनी ठेवणीतलं उदाहरण बाहेर काढलं, म्हणजे भिंगरीचे वडील. भिंगरी हे बाईंनीच ठेवलेलं नाव. वर्षाच्या सुरुवातीला ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नव्हती. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बाकीचे पालक दहा सबबी सांगत, पण हा माणूस दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून प्रत्येक बैठकीला हजर. बाईंचा शब्द न शब्द जिवाचा कान करून ऐकायचा. वर्गातलं बंद पडलेलं घड्याळही त्याने फुकटात चालू करून दिलं होतं.

"आणि आता बघा त्या मुलीला," बाई म्हणाल्या. "हाताची घडी घालून बसते ती बसतेच. वर्गात आहे की नाही, कळत नाही. ही बैठकांची किमया आहे, सर."

मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि बैठका दर महिन्यालाच होत राहतील असं सांगून टाकलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, त्यामुळे विषय संपला. त्या महिन्याची बैठक तर त्याच दिवशी दुपारी होती.

बाईंची बैठकीची एक पद्धत होती. आधी साखर, मग गोळी. प्रत्येक पालकाला मुलाचं एक कौतुक सांगायचं आणि एक तक्रार. नुसतं कौतुक केलं की पालकांना वाटतं, बाईंचं लक्ष नाही. त्यामुळे तक्रार नसली तर बाई ती शोधत, आणि शोधूनही नाही सापडली तर समोर बसल्या बसल्या तयार करत. भिंगरीच्या बाबतीत तसंच व्हायचं. कधी खिडकीबाहेर बघते, कधी चित्र काढताना गुणगुणते, कधी खोडरबर हरवते. गेल्या खेपेला काहीच सुचेना, तेव्हा अक्षर डावीकडे झुकतं असं सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

मधल्या सुट्टीत बाई चष्मा विसरला म्हणून वर्गाकडे परतल्या, तर आत तीन मुली 'बैठक-बैठक' खेळत होत्या. बाई दाराआडच थांबल्या. एक गुबगुबीत मुलगी हातात पट्टी घेऊन खुर्चीत बसली होती. "हुशार आहे हो तुमची मुलगी," ती मान तिरकी करून म्हणाली, "पण..." तो 'पण' इतका हुबेहूब होता की बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

समोर भिंगरी बसली होती. ती वडील झाली होती. "हो बाई. बरोबर आहे बाई. फार उपकार झाले," ती म्हणाली आणि उठली. "आता घर."

तिने हवेतलं दार लावलं आणि हवेतलीच कडी घातली. मग गुबगुबीत मुलीकडे वळून म्हणाली, "तू आता आई. नळ सोड."

"का?"

"शेजारी ऐकू जातं म्हणून. आई नळ सोडते आणि भांडी घासते."

मग भिंगरीने मनगटावरून नसलेलं घड्याळ काढलं आणि अगदी हळू बाकावर ठेवलं. "धक्का लागला की बिघडतं," ती म्हणाली. त्यानंतर तिने गुबगुबीत मुलीच्या हातातली पट्टी घेतली.

तिसरी मुलगी भिंगरी झाली होती. तिने विचारलं, "मी काय केलं?"

"तुझं अक्षर डावीकडे झुकतं."

"मग मी रडू?"

"रडायचं नाही. रडलं की पुन्हा पहिल्यापासून."

बाईंच्या तोंडावरचा पदर तसाच राहिला. आपण आत जावं, ओरडावं, त्या मुलीला पोटाशी धरावं असं त्यांना वाटलं, आणि यातलं काहीही करण्याआधी त्या मोठ्या बाईंच्या खोलीकडे जवळजवळ पळत सुटल्या.

"खेळ असतो हो पोरांचा," मोठ्या बाई म्हणाल्या. "काहीही बनवतात."

"अक्षराचं मी फक्त तिच्या वडिलांना सांगितलं होतं. तिला नाही, कुणालाच नाही." बाई म्हणाल्या. "आणि खरं तर तिचं अक्षर झुकतच नाही."

मोठ्या बाईंनी भिंगरीला बोलावून घेतलं. ती आली. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं खोडरबर होतं. हरवू नये म्हणून कितीतरी दिवस ती ते तसंच घालत होती, आणि बाईंनी साऱ्या वर्गापुढे त्याचं कौतुकही केलं होतं. मोठ्या बाईंनी हलकेच तिची लांब बाही वर केली.

"जिन्यावरून पडले," कुणी विचारण्याआधीच भिंगरी म्हणाली.

तिला बाहेर बसवून मोठ्या बाईंनी बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. तिथली माणसं दुपारपर्यंत येणार होती. तोवर मुलीला घरी जाऊ देऊ नका, आणि तिला घाबरवूनही सोडू नका, असं त्यांनी बजावलं. मोठ्या बाईंनी दुसरा फोन तिच्या मावशीला केला.

"आणि तिचे वडील आले की मी काय करू?" बाईंनी विचारलं.

"बैठक आहे ना? मग बोलत बसा."

वडील आले. नेहमीचा इस्त्रीचा शर्ट, नेहमीचं नम्र हसू. बाईंनी साखरेला सुरुवात केली. वाचन छान आहे, पाढे पाठ आहेत, चित्र सुरेख काढते, सगळ्यांशी मिळून मिसळून असते. सांगता सांगता बाईंच्या लक्षात आलं की यातलं अक्षर न अक्षर खरं आहे, आणि इतके महिने त्यांनी यातला चिमूटभरच भाग सांगितला होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

वडील शांतपणे थांबले होते. "आणि बाई, तक्रार?"

"या खेपेला काही नाही."

"असं कसं?" ते हसले. "एक तरी असेलच. तुम्ही कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाहीत आम्हाला."

बाई पुन्हा वाचनावर आल्या, मग पाढ्यांवर. बाहेर ताटकळलेले पालक कुरकुरू लागले. खिडकीच्या काचेपलीकडे बाकावर भिंगरी बसली होती आणि तिचे डोळे आत लागले होते. वडिलांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाई बोलतच राहिल्या. शेवटी दार उघडलं आणि मोठ्या बाई आल्या. त्यांच्या मागे दोन अनोळखी बायका होत्या.

"जरा माझ्या खोलीत येता का?" मोठ्या बाई वडिलांना म्हणाल्या.

ते उठले. "माझं काही चुकलं का, बाई?" त्यांनी विचारलं, अगदी त्याच मऊ आवाजात.

बाई बाहेर व्हरांड्यात आल्या. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्या दोघींचं हळू बोलणं, मध्येच वडिलांचा आवाज ऐकू येत होता. "हो बाई. बरोबर आहे बाई."

तो ऐकला आणि भिंगरी बाकावरून उठली. तिने दप्तर पाठीला लावलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "आज घरी नाही जायचं, बाळा. मावशी येतेय तुला न्यायला."

भिंगरीने ते ऐकलंच नसावं. "आज खूप वेळ सांगत होतात," ती म्हणाली. "किती तक्रारी सांगितल्यात?"

"एकही नाही गं. खरंच एकही नाही."

भिंगरीने त्यांच्याकडे समजुतीने पाहिलं, मोठी माणसं लहानांकडे बघतात तसं.

"एक तरी असतेच ना, बाई," ती म्हणाली. मग गळ्यातला दोरा काढून तिने खोडरबर बाईंच्या हातात ठेवलं. "हे बघा, हरवलं नाहीये. तुम्ही आत जाऊन त्यांना एवढं तरी सांगता का?"