गाडीच्या डोळ्यांतलं रक्त

अमावास्येच्या सकाळी मारुतीच्या पारासमोर रामकिसनची पांढरी गाडी रक्त रडली. दोनशे माणसांनी ते पाहिलं. बॉनेटवरून दोन चिळकांड्या उडाल्या, भंडारा फासलेल्या पिवळ्या काचेवर आपटल्या आणि लालभडक होऊन खाली ओघळल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढच्या रांगेतल्या एकाने तर गाडीला तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

मीही तिथे होतो. मी सोमेश्वर. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे आणि बावीस वर्षं मी गाड्यांच्या पोटात हात घालतो आहे. गाडीतून तेल गळतं, पाणी गळतं, मालकाची अक्कलही कधीकधी गळते. रक्त गळताना मी कधी पाहिलेलं नाही. हे घडलं त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला आपलं वाटेल त्याने आपलं समजावं.

आधी काय झालं ते सांगतो. आठ दिवसांपूर्वी रामकिसन धाकट्या भावाला, बबलूला घेऊन परतूरहून येत होता. रस्त्याचं काम चालू होतं, मुरुमावर टँकरने पाणी मारलेलं. समोरून डंपर गेला आणि अख्खी काच चिखलाने लिंपली. रामकिसनने काचेवर पाणी उडवायची दांडी ओढली. पाणी आलं नाही. वायपर फिरला आणि त्याने चिखल नुसता सारवला. पुढचं काही दिसेना, गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. रामकिसनला खरचटलं. बबलूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं.

घरात अशी आग लागली की त्यावर पोळी भाजणारे वास काढत येतात. तसा हा नजरबाबा आला. काळी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ, आणि तोंड पिठाच्या गिरणीसारखं चालू.

"गाडी म्हंजे जीव हाये," तो गर्दीला सांगत होता. "पेट्रोल पिती. धूर सोडती. रातीला डोळे उघडती. मंग जिला पोट हाये, तिला नजर लागणार न्हाई का?"

या हिशेबाने गावातल्या ट्रॅक्टरला एव्हाना नातवंडं व्हायला हवी होती. पण लोक माना डोलवत होते.

मला रामकिसनने गाडी किती ठोकली आहे ते बघायला बोलावलं होतं, म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन अगदी पुढे उभा होतो. त्यामुळे सगळं मला जवळून दिसलं. बाबाने आधी रामकिसनला दांडी ओढायला लावली. आतून मोटरची घर्रघर्र ऐकू आली, पाण्याचा थेंब नाही. मग बाबाने बॉनेटच्या फटीत बोट घातलं आणि पहिल्याच झटक्यात खटका उघडला. त्या गाडीचा खटका नव्या माणसाला पाच मिनिटं सापडत नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस हिमालयात नाही, एखाद्या गॅरेजात तप करून आला आहे.

त्याने पाण्याच्या टाकीत कमंडलूतलं 'तीर्थ' ओतलं. सात टाचण्या टोचलेलं लिंबू काढलं, त्यातली एक टाचणी उपसली आणि काचेखाली बॉनेटवर जे दोन काळे ठिपके असतात, त्यांच्यावर मंत्र पुटपुटत ती फिरवली. काचेवर भंडारा चोळला. "ओढ आता," म्हणाला. आणि गाडी रडली.

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. टाकीत पाणी आहे, मोटर फिरते आहे, म्हणजे ठिपक्यांतली भोकं बंद आहेत. भोकात टाचणी गेली, पाणी आलं. एवढंच. पण मी गप्प राहिलो. बाबाच्या मागे उभ्या गर्दीत माझी निम्मी गिऱ्हाइकं होती. हे लिहिताना मला माझीच घृणा वाटते.

"हिचे डोळे करणीनं बांधले व्हते," बाबा ओरडला. "ह्या टाकीत शेवटचं पानी कुनी घातलं?"

रामकिसन आठवत राहिला. मग हळूच म्हणाला, "चांगुणाबाईनं."

चांगुणाबाई गावाच्या टोकाला रस्त्याला लागून असलेल्या बौद्धवाड्यात एकटी राहते. साठी उलटलेली. मुलगा नागसेन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. अपघाताच्या पंधरा दिवस आधी रामकिसनने तिच्या दारात गाडी थांबवून पाणी मागितलं होतं. काच धुळीने भरली होती आणि टाकी कोरडी होती. तिने कळशी आणली, त्याने बॉनेट धरलं, तिने ओतलं. ज्या घरात तिला चहाची कपबशी वेगळी ठेवतात, त्या घराच्या गाडीला तिचं पाणी त्या दिवशी चाललं होतं.

पुढची दहा मिनिटं मला नीट सांगता येत नाहीत. पंधरा-वीस जण पळत गेले आणि तिला केसांना धरून फरफटत घेऊन आले. लुगडं गुडघ्यापर्यंत फाटलेलं, ओठ फुटलेला. कोणी चपलेने मारत होतं, कोणी तुरीच्या तुऱ्हाटीने. ज्या बायका तिच्याबरोबर कापूस वेचायला जातात, त्यांतल्या एकीने तिच्या पाठीत लाथ घातली. तिचा हात कोपरापाशी उलटा पिरगळला गेला आणि काडी मोडल्यासारखा आवाज आला.

"म्या काय केलं, बाबा?" ती एवढंच विचारत होती. "पानी मागितलं, म्या पानी देल्तं."

"जिनं डोळे बांधले, तिचे डोळे उघडा," नजरबाबा म्हणाला, आणि लिंबातली दुसरी टाचणी उपसून त्याने रामकिसनच्या हातात दिली. "रक्ताला रक्त. मंगच तुमच्या घरावरचं जाईल."

दोघांनी तिचं डोकं बॉनेटवर दाबून धरलं. रामकिसन रडत होता. भावाचा कापलेला पाय त्याला दिसत असावा. रडत रडतच त्याने तिची डावी पापणी अंगठ्याने वर केली.

तेव्हा माझे पाय हलले. मी पिशवी फेकून त्याच्या अंगावर गेलो. कोणीतरी बाजूने माझ्या कपाळावर काठी घातली, डोळ्यांपुढे अंधार आला, पण मी रामकिसनचं मनगट सोडलं नाही. टाचणी खाली पडली. तिच्या टोकाला काय लागलं होतं ते मी पाहिलं, आणि चांगुणाबाईची किंकाळीही ऐकली. मला अर्धा क्षण उशीर झाला होता.

"रक्त बघायचंय ना तुम्हाला?" मी ओरडलो. माझ्या कपाळावरून धार लागली होती. "मंग बराबर बघा. एक मिनिट बघा, मंग मला बी मारा."

बाबाच्या हातातलं लिंबू मी हिसकलं. उरलेल्या टाचण्या काढून फेकल्या, दातांनी लिंबू फाडलं आणि काचेवरच्या लाल ओघळावर पिळलं.

लाल ओघळ पिवळा झाला. रस जिथे जिथे गेला तिथे तिथे रक्ताची हळद झाली. पुढची रांग एक पाऊल मागे सरली.

"हे रक्त न्हाई," मी म्हणालो. "हळद हाये. ह्याच्या कमंडलूत धुन्याचा सोडा हाये, अन् काचेवर भंडारा म्हंजे हळदच. माय-बहिनींनो, हळदीच्या डागाला साबन लावला की काय होतं?"

मागून एक म्हातारा, कापरा आवाज आला. "लाल होतो." रामकिसनची आई दुर्गाबाई होत्या त्या. "दर धुन्याला होतो. लुगड्यावर सांडलेली हळद लालच होती साबनानं."

गर्दीतल्या प्रत्येक बाईने ते धुण्याच्या दगडावर शंभर वेळा पाहिलेलं होतं. एकीच्याही मनात ते या काचेसमोर आलं नव्हतं.

उरलेलं अर्धं लिंबू मी माझ्या कपाळावर पिळलं. आग झाली. तसाच हात पुसून पांढऱ्या बॉनेटवर दाबला. पंजाचा ठसा उमटला, लालचा काळपट होत गेला, पण पिवळा झाला नाही. त्याच्या शेजारी चांगुणाबाईच्या तोंडाचं रक्त पडलेलं होतं.

"हे खरं," मी म्हणालो. "हे पिवळं होत न्हाई. आख्खी बाग पिळा."

रामकिसनने माझी बाही धरली. "पन मिस्तरी, पानी तर बंद झाल्तं ना? ते कुनी बंद केलं?"

मी उत्तर देणार होतो, आणि दोनशे तोंडं माझ्याकडे वळलेली पाहून माझी जीभ अडकली. त्यांच्या हातांत काठ्या तशाच होत्या. मी आता ज्याचं नाव घेईन त्याच्यावर त्या पडणार होत्या. नाव मला ठाऊक होतं. त्या काळ्या ठिपक्यांभोवती तेलाने घट्ट झालेला हळदकुंकवाचा थर होता. बोटाचे ठसेसुद्धा दिसत होते, आणि त्या घरात गाडीची पूजा करणारी एकच होती.

दुर्गाबाई लोकांना बाजूला सारत पुढे आल्या आणि चांगुणाबाईच्या समोर मातीत बसल्या.

"म्या बंद केलं," त्या म्हणाल्या. "गाडी आली तवापासून दर अमुशाला त्या दोन ठिपक्यांला तेल अन् हळदकुंकू लावून राह्यले. मला वाटलं, गाडीचे डोळे हायेत. पोरं सुखरूप यावीत म्हून." त्यांनी डोक्यावरचा पदर काढला. "आता मारा मला. पन बराबर मारा, हिला मारलं तेवढंच."

उगारलेल्या काठ्या जमिनीला टेकल्या. कोणी कोणाकडे बघेना.

मग अर्थातच कोणाला तरी बाबा आठवला. तो उसाच्या वाटेने निघालाच होता. त्याला पाडलं, कवड्यांची माळ तुटली, दोन दात गेले. आता तेच हात, त्याच चपला, तोच जोर. मी मध्ये पडलो तेव्हा मला फार वाईट शिव्या ऐकाव्या लागल्या. "तू त्याचाच माणूस का?" असंही एकाने विचारलं. मी त्याला सांगितलं की मारायला तुम्हाला फक्त माणूस लागतो, कारण लागत नाही. पोलीस येईपर्यंत मी आणि दुर्गाबाई त्या भामट्याच्या अंगावर आडवे होतो. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, बाबावर आणि रामकिसनसह अकरा जणांवर. बाबा पाच वर्षं एका गॅरेजात कामाला होता, हे पोलीस ठाण्यात त्याने स्वतःच कबूल केलं.

चांगुणाबाईचा हात जुळला. डावा डोळा गेला.

दवाखान्यात मी तिला भेटायला गेलो. नागसेन दारात उभा होता, त्याने मला आत सोडलं, पण माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. दुर्गाबाई आधीच तिथे होत्या, आपल्या घरच्या पेल्याने तिला पाणी पाजत होत्या. चांगुणाबाईने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस्तरी, ते पानी न येनं, किती मोठा बिघाड असतो वं?"

मला खोटं बोलता आलं असतं.

पण ज्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती मी अजून सांगितलीच नाही. अपघाताच्या दहा दिवस आधी रामकिसनने गाडी माझ्याकडे आणली होती. "मिस्तरी, काचेवर पानी येऊन न्हाई राह्यलं." मी एका जीपखाली झोपलेलो होतो. बघायचं असतं तर सोपं होतं. टाकीत पाणी आहे का बघायचं. दांडी ओढून मोटरचा आवाज ऐकायचा. आवाज आला तर नळी निसटली नाही ना ते पाहायचं, आणि मग भोक साफ करायचं. मी जीपखालूनच ओरडलो, "पावसाळा संपला की आता. पुढल्या खेपेला बघू."

"दोन मिनिटांचा, मावशी," मी म्हणालो. "टाचणी घालायची भोकात, बस."

तिने पट्टी बांधलेल्या डोळ्यावर बोटं ठेवली.

"एवढीच टाचनी?"

"एवढीच."

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात काही बंद पडलं, कोणी आजारी पडलं, कोणी मेलं, तर 'कोणी केलं' असं विचारू नका. 'कशाने झालं' एवढं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हातातली काठी खाली ठेवा. माझ्यासारखा कोणी आळसाने 'पुढल्या खेपेला' म्हणाला तर त्याची गचांडी धरून त्याला जीपखालून बाहेर काढा. टाचणी प्रत्येक घरात असते. ती पहिल्यांदा कुठे घालायची, एवढंच ठरवायचं असतं.