तिसरा मजला

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी द्वारकाबाईंनी ओल्या फडक्यानं पुसली आणि पदरानं पुन्हा कोरडी केली. पलीकडं हातलादेवीचा डोंगर स्वच्छ दिसत होता. खाली, जिन्यालगतच्या त्यांच्या दोन खोल्यांतून दिसत त्या फक्त भाडेकरूंच्या मोटारसायकली.

पहिला मजला बांधताना बजरंगराव म्हणाले होते, हा आपला. पण गिलावा वाळतोय तोच बँकेतले एक साहेब आले आणि तो त्यांचा झाला. दुसऱ्याचंही तसंच झालं. बजरंगराव बेंबळीहून शिकायला आले, तेव्हा घरमालकानं ऐन परीक्षेत त्यांची ट्रंक रस्त्यावर ठेवली होती. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी आधी जागा घेतली. मग भाड्यातून कर्ज फेडायचं आणि ते फिटलं की वर मजला चढवायचा, असं चाललं. स्वतःच्या अंगावर मात्र दोनच शर्ट. द्वारकाबाईंना त्यांचं कौतुकही वाटे. पण या खेपेला लेक निकिता पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिसरा मजला आपल्यालाच ठेवायचा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि बजरंगरावांनी मान डोलावली होती.

जिन्यावर पावलं वाजली. बजरंगराव एका तरुण जोडप्याला घेऊन वर आले. हवा कशी खेळते, पाणी कसं पुरतं, ते सांगू लागले. त्यातली मुलगी सरळ खिडकीशी जाऊन उभी राहिली. द्वारकाबाईंनी फडकं पाठीमागं धरलं आणि वाट दिली.

जेवताना बजरंगरावांनी समजावून पाहिलं. भाडं चांगलं येतंय, निकिताला खालची आतली खोली देऊ, मी बाहेर झोपेन. शेवटी हे सगळं तिच्याच नावावर व्हायचंय.

"तिला आत्ता पायजे," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्या माघारी न्हाय."

बजरंगरावांनी ताटातली भाकरी मोडली.

"त्यांना शब्द देऊन बसलोय मी," ते म्हणाले.

निकितानं फोनवर कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाली, की डॉक्टर इथंच आहेत, तूच ये सोलापूरला. डिंक, खारका, जुन्या लुगड्यांची दुपटी बांधून द्वारकाबाई निघाल्या. बजरंगरावांनी खिडकीतून रुमाल टाकून त्यांची जागा धरली आणि एसटी हलेपर्यंत ते खाली उभे राहिले.

मुलगी झाली. बजरंगराव बारशाला आले, नातीला बराच वेळ मांडीवर घेऊन बसले आणि पाण्याची मोटर बिघडल्याचा फोन येताच संध्याकाळच्या गाडीनं परतले.

पुढच्या आठवड्यात द्वारकाबाई बाळाला न्हाऊ घालून शेक देत होत्या, तेव्हा बजरंगरावांचा फोन आला. आधी त्यांनी नातीची चौकशी केली. मग बराच वेळ अडखळत काही सांगत राहिले. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं, 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणत होते बाबा?" निकितानं विचारलं.

"घर भाड्यानं गेलं म्हणले."

"आता कुठलं राहिलंय?"

"आपलं. खालचं." द्वारकाबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "मी न्हाय, तर मोकळं कशाला ठेवायचं, म्हणले. गच्चीवर टाकीपाशी पत्र्याची खोली केलीय. दोघांना लई झाली, म्हणले."

द्वारकाबाईंनी बाळ निकिताजवळ दिलं, शेगडी कोपऱ्यात सारली आणि हात पुसत विचारलं,

"तुमच्या गल्लीत एखादी खोली मिळंल का गं, भाड्यानं?"