खांद्यावर उरलेला हात

“कडेची ती बाई काढून टाक. पण अलगद काढ, कळता कामा नये.”

सरांनी ही सूचना माझ्या खुर्चीमागे उभं राहून, चहाचा कप माझ्याच कीबोर्डशेजारी टेकवत दिली होती. आवाज इतका मऊ की एखाद्याला वाटावं, बाईला त्रास होऊ नये म्हणून सांगताहेत.

मी तेव्हा डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सहा आठवड्यांची इंटर्नशिप केल्याशिवाय कॉलेज पुढच्या वर्षात घेणार नव्हतं. सहा आठवडे संपले की स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, एका प्रमाणपत्रावर सही करायची. सही नाही तर वर्ष पुन्हा. इंटर्न म्हणजे काय हे मला कॉलेजात तासभर समजावलं होतं. स्टुडिओत ते पाच मिनिटांत समजलं. पाठ मोडलेली खुर्ची, उन्हाळ्यातल्या पत्र्यासारखा तापणारा कॉम्प्युटर, आणि कुणाचंही काम अडलं की “अगं, जरा बघ ना” ही हाक.

सरांना आम्ही मागे ‘श्वास’ म्हणायचो. कुठलंही काम त्यांच्यापुढे ठेवलं की ते चष्मा कपाळावर सरकवत, डोळे बारीक करत आणि म्हणत, “ह्याला श्वास घेऊ दे.” याचा अर्थ, जे काही आहे ते लहान कर आणि भोवती मोकळी जागा सोड. औषधाच्या दुकानाच्या माहितीपत्रकाला त्यांनी इतका श्वास घेऊ दिला, की औषधांची नावं वाचायला दुकानदार भिंग घेऊन बसायचा. पण त्या कामाला एक बक्षीस मिळालं. ते देणाऱ्यांना औषध घ्यायचं नव्हतं.

माझा एक नेम आहे, शाळेत असल्यापासूनचा. सकाळी आंघोळ झाली की दहा मिनिटं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, आणि दुपारी बारापर्यंत कुणाविषयी वाईट बोलायचं नाही. स्टुडिओ दहाला उघडायचा. त्या दहा ते बारात माझ्या पदरी बरंच पुण्य पडलं असणार. हे मी दुपारी लिहिते आहे.

तर ती बाई. एका शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि प्रवेशदारासमोरच्या भिंतीवर लावायला त्यांना भिंतभर फोटो हवा होता. शाळेने स्वतःच फोटो काढून पाठवला होता. सगळी मुलं पायऱ्यांवर, शिक्षक पुढे खुर्च्यांवर, मधोमध संस्थेचे अध्यक्ष, आणि उजव्या कडेला एक बाई उभी. साधी साडी, सावरलेले केस, कॅमेऱ्याची सवय नसलेल्या माणसाचा ताठ चेहरा. शाळेने सांगितलं होतं एवढंच की फोटो छान दिसू दे आणि कुठेतरी पन्नासाचा आकडा असू दे. आकडा कुठे जावा याचा सरांनी एक सकाळभर विचार केला आणि ठरवलं, उजवीकडे. उजवीकडे बाई होती. तिच्यामुळे उजवीकडे श्वास नव्हता.

ती बाई कोण, हे मी विचारलं नाही. तेवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिला काढायला मात्र मला अडीच दिवस लागले.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. तिच्या मागे खिडकी होती, पण अर्धीच दिसत होती. उरलेली अर्धी मी तयार केली. गज मोजून बसवले, काचेवर थोडी धूळ पसरली, पायरीची कड पुढे ओढली, तिची सावली पुसून तिथे ऊन पाडलं. मध्येच अध्यक्षांचा निरोप आला की त्यांचे केस जरा काळे करावेत, पण नैसर्गिक वाटतील इतकेच. तेही केले. त्या संध्याकाळी आईने विचारलं, आज काय काढलंस? मी म्हटलं, एक बाई काढली. आई खूश झाली. तिने लगेच माझ्या मावशीला फोन करून सांगितलं की पोरीला माणसांची चित्रं द्यायला लागलेत आता.

मग मंजुरीच्या बैठका सुरू झाल्या. शाळेची चार माणसांची समिती होती: अध्यक्ष, मुख्याध्यापिका, एक पालक आणि प्रसिद्धीचं बघणारे एक गृहस्थ. पहिली बैठक आकड्याच्या निळ्या रंगावर झाली. हा निळा विश्वासाचा आहे की नुसताच निळा, असं प्रसिद्धीवाल्यांनी विचारलं आणि सरांनी त्यांना निळ्याचे सात नमुने दाखवून गार केलं. दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांचे केस फारच नैसर्गिक वाटत असल्याने आणखी काळे करायचं ठरलं. तिसऱ्या बैठकीत शाळेचं चिन्ह मोठं झालं, चौथीत पुन्हा होतं तेवढं. चौथ्याच बैठकीत प्रसिद्धीवाल्यांनी उजव्या टोकाच्या सगळ्यात लहान मुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, मला हे फार आवडलं, खांद्यावरचं हे घड्याळ, त्यातून शिस्त दिसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी तर असा चेहरा केला, जणू ते घड्याळ त्यांनी स्वतः किल्ली देऊन तिथे ठेवलं होतं.

चौघांनी नमुन्याच्या कागदावर सह्या केल्या. मीही त्या खोलीत होते, पाण्याचे पेले उचलत. घड्याळ खांद्यावर कसं, हा प्रश्न तिथल्या सहा सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. सहावी मी.

फोटो शुक्रवारी सकाळी छपाईला जाणार होता आणि शनिवारी कार्यक्रम. गुरुवारी दुपारी शाळेतून एक लिफाफा घेऊन एक बाई आली. सर काचेच्या खोलीत नव्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते. आमच्या सीनियर ताई नेहमीप्रमाणे कानांवर हेडफोन चढवून बसल्या होत्या, त्यामुळे लिफाफा मीच घेतला. बाई दारातच चपला काढायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, इथे कुणी काढत नाही. तरी तिने काढल्या. मला तिचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. वाटणारच. अडीच दिवस तो मी चारशेपट मोठा करून पाहिला होता.

ती शाळेतली मावशी होती. एकतीस वर्षं घंटा देत होती, पडलेल्यांचे गुडघे धूत होती, रडणाऱ्यांना वर्गात नेऊन बसवत होती. महिनाअखेरीला तिची नोकरी संपणार होती. हे सगळं तिने आपणहून सांगितलं नाही. मी पाणी दिलं, विचारलं, तेव्हा जेवढ्यास तेवढं सांगितलं. मग जरा संकोचत म्हणाली, तो मोठा फोटो बघायला मिळेल का.

मी तिला भिंतीपाशी नेलं. तिथे नमुना लावलेला होता, चार सह्यांसकट. ती त्याच्यापुढे उभी राहिली. डावीकडून बघत आली, एकेका मुलाचं नाव पुटपुटत. उजव्या टोकाशी आली आणि थांबली. मग पदराने हात पुसून तिने त्या लहान मुलीच्या खांद्यावर बोट टेकवलं.

“हे माझं घड्याळ,” ती म्हणाली.

मी पाहिलं. रुंद पट्ट्याचं, पुरुषी, जुनं घड्याळ. तिच्या मनगटावरही तेच होतं. फोटो काढताना ती छोटी एक क्षण स्थिर राहत नव्हती, म्हणून मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उभी केली होती. मी मावशीला डोक्यापासून पायापर्यंत काढलं होतं, सावलीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. पण खांद्यावरचा हात मागच्या ओळीतल्या कुणाचा तरी असणार असं धरून चालले. मागच्या ओळीत तिथे कुणीच नव्हतं. मनगटापर्यंतचा एक हात, घड्याळासकट, हवेतून येऊन पोरीच्या खांद्यावर विसावला होता, आणि पलीकडे मी बनवलेली खिडकी उन्हात चकाकत होती.

“हात तेवढा ठेवलास,” मावशी म्हणाली. “बाकीची मी कुठे गेले?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं, बाकीची छापायची राहिली असेल.

मी कसंबसं सांगितलं की आकड्याला जागा हवी होती. तिने मान हलवली. म्हणाली, असू दे, तुला कुणीतरी सांगितलं असणार, तू कशाला मनाने करशील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण खिडकीचे गज मी मनाने केले होते.

“माझी लेक येतेय शनिवारी, नातीला घेऊन,” ती म्हणाली. “मी सांगून बसलेय, कडेलाच आहे, शोधावं लागायचं नाही. मग त्यांना आता नका येऊ म्हणून कळवते. एवढ्या लांबून उगीच त्यांची खेप नको.”

“नका कळवू,” मी म्हटलं. “शनिवारी तुम्ही त्यात असाल.”

“नक्की का बाळा? नसेल जमत तर तसं सांग. मला वाईट नाही वाटायचं.”

“नक्की.”

मी शब्द सहसा देत नाही, कारण दिलेला पाळावा लागतो. तिने चपला घातल्या, दार स्वतःच हळू ओढून घेतलं आणि गेली.

मी काचेच्या खोलीत गेले. आमचं एक काम चुकलं आहे, एवढं सांगून सरांना नमुन्यापुढे आणलं आणि हात दाखवला. सरांनी चष्मा वर सरकवला, खाली आणला, जवळ गेले, लांब आले. मग म्हणाले, “हात काढ.”

मी म्हटलं, किंवा बाईंनाच परत ठेवता येईल. एकतीस वर्षं त्या तिथे आहेत. सर माझ्याकडे कौतुकाने बघत हसले, लहान मूल चिखल आणून दाखवतं तेव्हा हसतात तसे. डिझाइनमध्ये भावना हवीच, असं त्यांनी मला समजावलं, पण ती सरसकट नको, मोजून हवी, आणि ह्या मांडणीत ती डावीकडे पुरेशी आहे. शिवाय चार जणांनी सह्या केल्यात. सही झालेलं काम उकरणं व्यावसायिक नाही. एका हातासाठी मात्र कुणाला विचारायची गरज नाही, तो गुपचूप काढता येईल. म्हणजे घड्याळातली शिस्त गेली तरी चालणार होतं.

जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, “संध्याकाळी तुझ्या प्रमाणपत्रावर सही करतोय. ‘सगळ्यांशी जुळवून घेते’ असं लिहिलंय त्यात. ते खोटं पडू देऊ नकोस.”

एवढ्यात नवं गिऱ्हाईक आलं आणि सर त्यांना घेऊन काचेआड गेले.

मी जागेवर येऊन फाइल उघडली. मावशी तिथेच होती. मूळ फोटो मी सगळ्यात खालच्या थरात लपवून ठेवला होता, कॉलेजात तशी सवय लावतात. वरचा थर बंद केला आणि अडीच दिवसांची खिडकी एका क्लिकसरशी गेली. मावशी ताठ उभी, हात मुलीच्या खांद्यावर, मनगटापुढे कोपर, कोपरापुढे सगळीच. आता आकडा. मी तो उचलून वर नेला, शाळेच्या गच्चीवरच्या आभाळात. तिथे चांगली ऐसपैस जागा होती, पहिल्या दिवसापासून होती. अकरा मिनिटं लागली.

छपाईवाल्यांना फोन केला. पलीकडचे काका मशीनच्या आवाजावर ओरडूनच बोलत होते. ते म्हणाले, फाइल कुणीही पाठवा, मी बघतो ते गिऱ्हाइकाची सही. सहीचा कागद बदलला तर फोटो बदलेल. तुमच्या सरांची सही मला लागत नाही, त्यांनी फक्त चांगलं दिसतंय असं म्हणायचं असतं.

गिऱ्हाईक म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे मुख्याध्यापिका. जुन्या नमुन्यावर त्यांचीही सही होती. ज्या रोज सकाळी मावशीच्या घंटेवर खोलीबाहेर येतात, त्यांनी ती नसल्याचं पाहिलं नव्हतं. हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं, आणि मावशीला मीच काढलं होतं हेही. सगळ्यांशी जुळवून घेणारीने.

नवा नमुना छापून घेतला. गुंडाळायला लागले तेव्हा सीनियर ताईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. एवढा वेळ त्यात काही वाजत होतं की नाही, देव जाणे.

“संध्याकाळी सही आहे ना तुझी?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

त्यांनी काचेकडे पाहिलं, मग टेबलाखालून पुठ्ठ्याची नळी काढून माझ्यापुढे सरकवली. “अशी नेलीस तर चुरगळेल. सरांनी विचारलं तर काय सांगू?”

“शाळेत गेलेय म्हणून सांगा.”

मी नमुना नळीत सरकवला, झाकण बसवलं आणि फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. मुख्याध्यापिका साडेचारपर्यंत शाळेत असतात, हे लिफाफ्यातल्या पत्राच्या खाली छापलेलं होतं. पावणेचार होत आले होते. काचेपलीकडे सर दोन्ही हात पसरून काहीतरी समजावत होते. दार वाजणार नाही अशा बेताने मी ते लोटून घेतलं आणि जिना उतरू लागले.