सुटीची घंटा

लढाई पेटली आणि सरकारने इस्पितळासाठी अर्धी शाळा ताब्यात घेतली. मोठी मुलं व्हरांड्यात बसून जखमांच्या पट्ट्या गुंडाळायची, धाकटी अंगणात पाढे म्हणायची आणि सातवीच्या वर्गात बाकांच्या जागी खाटा आल्या. त्याच वर्गावर बाईंनी उभा जन्म काढला होता.

त्या दुपारी भाजलेले जवान आणले, बाईंच्या मुलाच्या तुकडीतले. तो त्यांत आहे की नाही, कोणालाच सांगता येईना. सगळे डोक्यापासून पायांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले.

"विचारून बघू का त्यांना?" बाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"घसे जळलेत हो त्यांचे. बोलणार कुठून?"

बाईंचा जीव टांगणीला लागला. पोटच्या पोराला आईने ओळखू नये, म्हणजे काय म्हणायचं याला! शेवटी सवयीने त्या फळ्याजवळ उभ्या राहिल्या आणि मुलाच्या जुन्या वर्गाची हजेरी घेऊ लागल्या, त्यांनीच ठेवलेल्या नावांनी.

"बडबड्या? लंबू? भोपळ्या?"

भोपळ्या म्हणजे त्यांचाच दिवटा, गणितात कायम भोपळा आणणारा.

"हजर, बाई."

आवाज स्वच्छ ऐकू आला. पण आला कुठून? एकाही खाटेवर काही हललं नव्हतं.

"कुठे आहेस रे? आई म्हण ना एकदा!"

कोणी हूं की चूं केलं नाही. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नियम त्यांचाच होता: शाळेत मुलानेही 'बाई' म्हणायचं, 'आई' सुटीची घंटा झाल्यावर. एकदा रडताना चुकून 'आई' म्हणाला, तर त्याला बाकावर उभं केलं होतं. जळली मेली ती शिस्त!

त्या धावतच शिपाईमामांकडे गेल्या. "मामा, सुटीची घंटा द्या."

"अहो बाई, अजून वेळ आहे की!"

"द्या म्हणते ना!"

घंटा घणघणली. अंगणातली पोरं आरडत पळाली. बाई वर्गाच्या दारात कान देऊन उभ्या राहिल्या.

"आई," खिडकीजवळच्या खाटेवरून आलं. त्या तिकडे झेपावल्या, तोच पाठीमागून आलं, "आई." मग कोपऱ्यातून. मग अख्खा वर्ग हळू आवाजात, पाढे म्हणावेत तसा, म्हणू लागला. दारात डॉक्टर पांढरेफटक पडले होते. त्यांनाही ते ऐकू येत होतं.

बाईंनी डोळे पुसले, पाण्याचं भांडं उचललं आणि त्या सगळ्यांत जवळच्या खाटेवर टेकल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. "आले रे बाळांनो, एकेकाकडे येते."