खालून येणारं पाणी

हिलालला कधी पाठीवर घेतलं नाही, असा माणूस असोद्यात शोधून सापडायचा नाही. तीन वर्षांचा असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. तेव्हापासून शाळेत जायचं तर कुणाच्या तरी पाठीवर, जत्रेला पाठीवर, लग्नाच्या पंगतीलाही पाठीवर. मी त्याचा शेजारी जीवराम, म्हणजे या कामातला निम्मा वाटा माझा. बरं, पठ्ठ्या गप्प बसेल तर शपथ. वरून हुकूम सुटायचे, "हळू चाल ना भो, मी काय केळीचा घड हाये?" लोक हसायचे. तो हसायचा नाही.

सन चौतीसला त्याच्या आबांनी भुसावळच्या एका गोऱ्या रेल्वेसाहेबाची जुनी मोटरसायकल घेतली. बाजूला माणूस बसायला डबा जोडलेला, त्यामुळे चाकं तीन, आणि थांबली तरी पाय टेकायची गरज नाही. गिअर टाकीजवळ हातानं टाकायचे, ब्रेकही हाताचा. किक मारायला तेवढा दुसरा माणूस लागे. तो माणूस म्हणजे हबीब, जळगावात सायकलच्या दुकानात काम करणारा आमचा दोस्त. गाडी दारात आली त्या दिवशी हिलालनं चारचौघांदेखत सांगून टाकलं, "आजपासून मी कोनाच्या पाठीवर बसनार नाही. मेल्यावर चौघं मिळून उचला, तवर नाही."

दोन वर्षं त्यानं ते पाळलं. गाडीपासून ओट्यापर्यंत हातांवर सरपटत जायचा, पण कुणाला शिवू द्यायचा नाही. बेबाबाई, त्याची माय, ते पाहून पदर डोळ्यांना लावायची. मला त्या हट्टाचा राग यायचा. पण गाडीवर बसला की गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्याला 'हिलालभाऊ' म्हणायची, हेही खरं. आधी ती काय म्हणायची ते सांगण्यासारखं नाही.

छत्तीसच्या दिवाळीनंतर त्यानं काढलं, समुद्र पाहायचा. तापीमाय एवढं पाणी घेऊन जाते ती जाते कुठी, ते पाहू, आणि मग समुद्राच्या कडेकडेनं गाडी नेईल तिथवर जाऊ. मी म्हटलं, डोंबलाचा समुद्र! तरी डब्यात जाऊन बसलोच. मागच्या सीटवर हबीब, माझ्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं, आणि पुढं हिलाल, डोक्याला मफलर गुंडाळून.

पारोळा, धुळे, साक्री झालं. कोंडाईबारीच्या घाटात उतारावर ब्रेक असा काही किंचाळला की हबीबनं सगळ्या पिरांची नावं घेतली. नवापूरला पेट्रोलचा डबा मिळाला, सुरतेला तापी मिळाली. तिचं ते पसरलेलं रूप पाहून हिलाल एवढंच म्हणाला, "सासरी येऊन चांगलीच सुटली की." तिथून खाली नवसारी, बलसाड. मध्येच खाडी आडवी यायची, मग गाडी होडीत चढवायची. होडीत हबीब डोळे गच्च मिटून बसे, कारण त्याला पोहता येत नव्हतं. जेवायला बसलो की वरणात गूळ! हबीब म्हणे, "असल्या वरणापेक्षा उपाशी बरं," आणि तीन वाट्या पिऊन टाके. मजेत चाललं होतं आमचं, खोटं कशाला बोला.

बलसाडच्या पुढं एका कोळीवाड्यापाशी समुद्र बराच लांब गेलेला दिसला. मधे नुसती ओली, काळसर वाळू. मी म्हटलं, गाडी रस्त्यावर ठेवू, आम्ही दोघं पाणी पाहून येतो. हिलालनं माझ्याकडे रागानं पाहिलं. इतक्या लांब येऊन त्याला समुद्र लांबूनच पाहायचा नव्हता. त्यानं सरळ गाडी वाळूत घातली.

आता यात चुकलं काय, ते सांगतो. आमच्या मुलखात नदीच्या पात्रातून गाडी नेणं नवं नाही. कोरडी वाळू भुसभुशीत, ओली वाळू टणक, हे पोरंसोरंही जाणतात. आणि पाणी येतं ते वरून, पूर्वेकडून. तिकडे आभाळ स्वच्छ असलं की गाडीवान भर पात्रात बैल सोडून निवांत भाकर खातो. हिलालनंही मान वळवून पूर्वेला पाहिलं. ढगाचा टिपूस नव्हता. "लाव बिनघोर," मीच म्हणालो. पाणी खालूनही येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाण्याच्या कडेला गाडी उभी केली. हिलाल खाली उतरला, सरपटत पाण्यात जाऊन बसला, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला आणि लहान पोरासारखा खदखदून हसला. इतका हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आम्ही दशम्या खाल्ल्या आणि आडवे झालो. लांब किनाऱ्यावर दोघं-तिघं कोळी हात हलवत होते. "लोकं मोठी मायाळू दिसतात इकडची," असं म्हणून हिलालनंही हात हलवला.

पाठ ओली झाली तेव्हा मी उठलो. पाहतो तर पाणी आमच्या मागं! येताना ज्या सखल पट्ट्यातून गाडी आणली, तो आधी भरला होता. पुढंही पाणी, मागंही पाणी. हिलाल हातांच्या जोरावर सीटवर चढला. हबीबनं किका मारल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि बसलं. आम्ही ढकलायला लागलो तशी मघाची टणक वाळू लोण्यासारखी झाली आणि चाकं आत गेली. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला.

"हिलाल, बस पाठीवर," मी म्हटलं.

"नाही."

"अरे वेळ काय, तू बोलतो काय!"

"तुमी दोघं जा. गाडी गेली तं उद्यापासून मी पुन्हा लोकायच्या पाठीवर. त्यापेक्षा इथीच बरा." त्यानं हँडल घट्ट धरलं. चेहरा असा की थट्टा नाही, हे कळत होतं.

मी त्याला ओढायला गेलो. त्यानं मला असं ढकललं की मी पाण्यात उताणा. दंड म्हणजे नुसतं लोखंड! मी शिव्या घालत उठलो. तेवढ्यात हबीब गाडीला वळसा घालून आला आणि आपल्या मागच्या सीटवर चढून बसला.

"तू काय करतो?" हिलाल ओरडला.

"बसतो. तुझ्या गाडीला किक कोण मारणार?"

"उतर, मूर्खा! तुले पोहता येत नाही!"

"माहीत आहे," हबीब म्हणाला. दोन्ही हातांनी सीट धरली त्यानं, पण तो उतरला नाही.

हिलालनं त्याला घाणेरड्या शिव्या दिल्या. आईच्या शपथा घातल्या. शेवटी हात जोडले. पाणी सीटला लागलं. मग तो रडायला लागला, अगदी भोकाड पसरून, आणि रडता रडताच त्यानं हँडल सोडलं.

"धर माह्या खांद्यायले," तो म्हणाला. "गळा दाबू नको फक्त."

लहानपणी कमरेला सुके भोपळे बांधून असोद्यातल्या आम्हा सगळ्या पोरांना विहिरीत फेकलं होतं, त्यालाही; जळगावचा हबीब तेवढा सुटला होता. पाय मागं लोंबत राहायचे, पण पाण्यात त्याच्या हातांपुढं आमचं कुणाचं चालायचं नाही. तो सखल पट्टा आता पुरुषभर खोल झाला होता. हिलाल पुढं, त्याच्या पाठीवर डोळे मिटून अल्लाला हाका मारणारा हबीब, आणि मागं हबीबला रेटत मी. मी दोनदा खारं पाणी गिळलं. हिलाल एकदाही थांबला नाही. हबीबचे पाय जमिनीला लागले तेव्हाच त्यानं त्याला पाठीवरून उतरवलं.

कोळी धावत आले. एकानं हिलालच्या काखेत हात घातला तसा मी खेकसलो, "हात लावू नका त्याला! येईल तो त्याचा." तो चार हात सरपटला आणि वाळूत तोंड टेकून पडून राहिला. हबीब शेजारी बसून ओकत होता.

थोड्या वेळानं हिलाल म्हणाला, "जीवराम, वाक."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"वाक म्हनतो ना."

मी वाकलो. तो चढला. दोन वर्षांत चांगलाच जड झाला होता. मी कोळीवाड्याकडे पाऊल टाकलं तशी त्यानं माझी मान धरली.

"तिकळे नाही. तोंड समुद्राकळे कर."

मी वळून उभा राहिलो. गाडीचा दिवा गेला, मग हँडलचं एक टोक, मग दुसरं. माझ्या मानेवर त्याची आसवं गरम लागत होती. पाणी सगळीकडे सारखं झालं तरी तो चाल म्हणेना. आणि तो म्हणेपर्यंत मी जागचा हललो नाही.